डुकराचे मांस वातड का होते आणि ते मऊ कसे करावे

एकाच डुकराच्या पाठीचे आणि खांद्याचे मांस एकाच कुकरमध्ये, एकाच मसाल्यात आणि तेवढ्याच शिट्ट्यांवर शिजवले, तर खांद्याचे तुकडे मऊ होतात आणि पाठीचे तुकडे चोथ्यासारखे कोरडे पडतात. हेच दोन भाग तव्यावर दहा मिनिटे परतले, तर निकाल नेमका उलटा लागतो: पाठीचे मांस रसदार राहते आणि खांद्याचे चावता चावत नाही. मसाला, आच किंवा खाटीक यांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे की मांसाचा कडकपणा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो. एक कडकपणा स्नायूच्या तंतूंचा असतो आणि तो उष्णतेबरोबर वाढत जातो. दुसरा त्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतींचा असतो, आणि पुरेशी उष्णता व पुरेसा वेळ मिळाल्यास तो विरघळून जातो. हातातल्या तुकड्यात यांपैकी कोणता कडकपणा अधिक आहे, हे ठरवल्याशिवाय मसाला वाटायला घेऊ नये.

कोलॅजेन म्हणजे काय

स्नायूचा प्रत्येक तंतू एका अतिशय पातळ वेष्टनात असतो, अशा अनेक तंतूंच्या जुडीभोवती त्याहून जाड पापुद्रा असतो आणि संपूर्ण स्नायूभोवती आणखी एक मजबूत आवरण असते. नीट शिजलेले पोर्क काट्याने ओढल्यावर जे दोरे सुटे होतात, त्या या जुड्या होत. त्यांच्यामधला पापुद्रा विरघळला म्हणून त्या सुट्या झालेल्या असतात. ही तिन्ही आवरणे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असतात. सर्वसाधारण स्नायूत वजनाच्या मानाने त्याचे प्रमाण एक-दोन टक्केच असते, पण खाताना जाणवणारा फरक बहुतेक वेळा तेवढ्यानेच पडतो.

कोलॅजेनच्या एका रेणूत सुमारे एक हजार अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ घट्ट बसावा म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन असते, कारण पिळाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत मावण्याइतके लहान अमिनो आम्ल तेवढेच आहे. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच जागा प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन यांनी व्यापलेल्या असतात. पिळाला उष्णतेत टिकण्याची ताकद हायड्रॉक्सिप्रोलीनमुळे मिळते. माशांच्या कोलॅजेनमध्ये ते तुलनेने कमी असते आणि माशाच्या अंगात कोलॅजेनही थोडेच असते. पापलेट पाच मिनिटांत शिजते आणि पोर्कला दोन तास लागतात, यामागे हे एक मोठे कारण आहे. शरीरात हायड्रॉक्सिप्रोलीन तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते न मिळालेल्या माणसाच्या हिरड्या स्कर्व्हीमध्ये सुटू लागतात. डुक्कर मात्र आपले क जीवनसत्त्व स्वतःच तयार करते.

हायड्रॉक्सिप्रोलीन इतर प्रथिनांत जवळजवळ नसतेच, त्यामुळे प्रयोगशाळेत मांसातील कोलॅजेन मोजताना हेच अमिनो आम्ल मोजतात आणि येणाऱ्या आकड्याला साधारण आठाने गुणतात. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमानुसार पोर्क असलेल्या खिम्यात एकूण मांसप्रथिनांशी कोलॅजेनचे प्रमाण 18 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे बंधन आहे. खिम्यात कातडी आणि शिरा भरून वजन वाढवणारा याच मोजणीत सापडतो.

आता वयाचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. कोलॅजेनचे रेणू एकमेकांना आडव्या दुव्यांनी जोडलेले असतात आणि हे दुवे बांधण्याचे काम लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर तांब्याच्या साहाय्याने सुरू करते. कोवळ्या जनावरात हे दुवे कच्चे असतात आणि उष्णतेने सुटतात. वय वाढते तसे कच्च्या दुव्यांचे रूपांतर पक्क्या, तीन ठिकाणी जखडणाऱ्या दुव्यांत होते, जे उकळत्या पाण्यालाही सहजासहजी दाद देत नाहीत. म्हाताऱ्या जनावरात कोलॅजेन फारसे वाढलेले नसते. असलेलेच अधिक पक्के झालेले असते. संकरित डुकरे बहुधा पाच-सहा महिन्यांची, शंभर किलोच्या आसपासची असताना कापली जातात, त्यामुळे पोर्क मुळातच मऊ होण्यास राजी असते. गोव्यातील मेजवान्यांत अख्खे भाजले जाणारे दूधपिते पिल्लू, ज्याला तिथे लेइतांव म्हणतात, ते तर काही आठवड्यांचेच असते आणि त्याचे कोलॅजेन जवळजवळ आपणहून विरघळते. गोव्यातील आगोंदा गोवन किंवा इतर देशी जातींची डुकरे सावकाश वाढतात. तेवढ्याच वजनाला त्यांचे वय अधिक असते. अशा मांसाला तिप्पट मसाल्याची गरज नसते, अर्धा-पाऊण तास अधिक वेळाची असते.

दुकानात काय मागावे आणि काय पाहावे

जो स्नायू जनावराने आयुष्यभर राबवला, त्याला बांधणी अधिक लागते. खांदा, मान, पुढच्या आणि मागच्या पायांचा खालचा भाग व खूर यांत कोलॅजेन भरपूर असते. पाठीचा लांब स्नायू आणि त्याच्या खाली कण्याच्या आतल्या बाजूने जाणारा टेंडरलॉइन यांत सर्वांत कमी. मागची मांडी मधल्या प्रकारात येते: तिच्यात चरबीही कमी आणि कोलॅजेनही मध्यम, म्हणून रश्श्यासाठी ती मला सर्वांत गैरसोयीची वाटते. बरेच ग्राहक मात्र चरबी नको म्हणून मांडीच मागतात आणि मग विंदालू कोरडे झाल्याची तक्रार करतात. विंदालू, सोरपोतेल किंवा कोडगूच्या पंदी करीसाठी खांद्याचे किंवा मानेचे मांस, थोड्या चरबीसह, हीच योग्य निवड आहे.

मानेबाबत एक सोयीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. बकऱ्याच्या मानेत पिवळसर, रबरासारखा जाड पट्टा असतो. तो इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा असतो आणि कितीही शिजवला तरी विरघळत नाही, म्हणून तो काढून टाकावा लागतो. डुकराच्या मानेत असा पट्टा नसतो, त्यामुळे ते मांस अख्खेच वापरता येते.

रंग आणि पाणी अवश्य पाहावे. चांगले पोर्क लालसर गुलाबी, हाताला घट्ट आणि जवळपास कोरडे लागते. फिकट, लिबलिबीत आणि भांड्यात पाणी सोडणारे मांस टाळावे. कापल्यानंतर स्नायूत साठवलेल्या ग्लायकोजेन या साखरेचे लॅक्टिक आम्ल बनते आणि सामू (pH, जो आम्ल वाढले की उतरतो) सुमारे 7 वरून एका दिवसात 5.5 ते 5.7 पर्यंत उतरतो. कापण्यापूर्वी जनावर उन्हातून, दाटीवाटीने, घाबरवत आणले असेल, तर हीच क्रिया तासाभरात उरकते. अंग अजून गरम आणि वर इतके आम्ल, अशा अवस्थेत तंतूंमधील प्रथिने बिघडतात आणि पाणी धरून ठेवू शकत नाहीत. काही डुकरांत ही खोड जन्मजात असते; तिचे मूळ असलेला एका जनुकातील बदल 1991 साली ओळखला गेला आणि बेल्जियमच्या पिएत्रां जातीत तो विशेष आढळत असे. अशा मांसाचा कोरडेपणा तंतूंमधला असल्याने तो कितीही शिजवून जात नाही. याच्या उलट, गडद, चिकट आणि कोरडे मांस दमून गेलेल्या जनावराचे असते. त्यात आम्ल पुरेसे तयार झालेले नसते, त्यामुळे ते मऊ लागले तरी लवकर खराब होते.

मांसात तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्याएवढे पांढुरके, पाणीदार फोड दिसले, तर ते मांस घेऊ नये. त्या फितकृमीच्या अळ्या असतात. तपासणीची खात्री नसलेल्या ठिकाणचे पोर्क, भाग कोणताही असो, आतून गुलाबी ठेवू नये.

घरी आणल्यावर थेट शिजवू नये

आपल्याकडे मांस बहुधा सकाळी कापून सकाळीच विकले जाते. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतो आणि त्या अवस्थेत शिजवलेले मांस सर्वांत कडक लागते. त्यानंतर कॅल्पेन नावाची विकरे तंतूंच्या आतील जोडण्या हळूहळू तोडू लागतात आणि मांस सैल पडते. बीफमध्ये याला दोन आठवडे देतात; पोर्कमध्ये ही क्रिया बरीच लवकर होते आणि त्यातला मोठा भाग चार-पाच दिवसांत पूर्ण होतो. म्हणून मांस झाकलेल्या भांड्यात फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात, 0 ते 4 अंशांवर, एक-दोन दिवस ठेवावे. नुकतेच कापलेले मांस आणल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाकू नये, कारण आखडण्याची क्रिया अपुरी राहते आणि बर्फ वितळताना ती जोराने पूर्ण होऊन तुकडे आकसतात. ओट्यावर ठेवून मुरवण्याचा प्रयत्न तर मुंबई-कोकणच्या हवेत अजिबात करू नये.

या विकरांचा कोलॅजेनवर मात्र फारच थोडा परिणाम होतो. खांद्याचे मांस चार दिवस ठेवले तरी त्याचा वातडपणा आचेवरच जाणार आहे. विश्रांतीचा खरा लाभ पाठीच्या मांसाला मिळतो.

कापणे आणि मुरवणे

पाठीच्या मांसावर आणि टेंडरलॉइनवर एक चंदेरी, चकचकीत पडदा असतो. ती स्नायूची बाहेरची वेष्टणे असून तव्यावरच्या दहा-पंधरा मिनिटांत ती विरघळत नाहीत, उलट आकसून तुकड्याला वाकवतात. सुरीचे टोक पडद्याखाली घालून, पाते किंचित वर रोखून तो सोलून काढावा आणि काप तंतूंच्या आडवे पाडावेत. खांद्याच्या मांसावरचे पडदे काढण्याची गरज नाही, कारण रश्श्याला दाटपणा त्यांच्यापासूनच येणार आहे. या मांसाचे साधारण 3 सेंटिमीटरचे तुकडे करावेत; त्याहून लहान केल्यास कोलॅजेन विरघळेपर्यंत तुकडे विखरून जातात.

पोर्तुगीज भाषेत वाइन आणि लसणात मुरवलेल्या मांसाचे जे नाव होते, त्यावरून गोव्यात विंदालू हा शब्द आला. वाइनच्या जागी माडीचे व्हिनेगर आले आणि बटाट्याचा त्या नावाशी काही संबंध नव्हता. पुढे हॉटेलांनी नावातला ‘आलू’ ऐकून बटाटे घातले, पण आम्लात बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारी पेक्टिने लवकर सैल होत नाहीत, त्यामुळे मांस शिजले तरी बटाटा टणकच राहतो. हौस असेल तर बटाटा वेगळा उकडून शेवटी घालावा.

व्हिनेगरचा उपयोग केवळ आंबटपणापुरता नाही. मांसातील प्रथिने सामू 5.2 च्या आसपास असताना सर्वांत कमी पाणी धरतात. आम्लाने सामू 4.5 च्या खाली गेला, की प्रथिने फुगून अधिक पाणी धरू लागतात, कोलॅजेनचे धागेही फुगतात आणि त्यांना विरघळण्यासाठी कमी उष्णता पुरते. मात्र आम्ल एका रात्रीत काही मिलिमीटरच आत शिरते, म्हणून अख्खा खांदा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. एक किलो तुकड्यांना 15 ग्रॅम मीठ आणि 80 ते 100 मिलिलिटर व्हिनेगर, वाटलेल्या मसाल्यासह, काचेच्या, चिनीमातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात लावून फ्रिजमध्ये बारा ते चोवीस तास ठेवावे. ॲल्युमिनियमचे भांडे किंवा कुकर वापरल्यास आम्ल धातू खाते आणि रश्श्याला कडसर चव येते.

पाठीच्या जाड कापांसाठी आम्लापेक्षा मिठाचे पाणी चांगले: एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, त्यात काप दोन ते चार तास फ्रिजमध्ये. मिठाने तंतू फुगतात आणि तापल्यावर कमी पाणी सोडतात.

कच्च्या पपईबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. तिच्यातले पपेन हे विकर 60 ते 70 अंशांवर जोमाने काम करते, पण ते कोलॅजेन आणि तंतू असा भेद पाळत नाही. तुकड्याचा बाहेरचा थर पिठासारखा होतो आणि आत काहीच घडलेले नसते. पोर्क कोवळे असल्याने त्याला पपईची गरज क्वचितच पडते. आले चालेल, त्यातले विकर कोलॅजेनवरही काम करते आणि आले मसाल्यात असतेच.

आच आणि वेळ

या टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून आत काय घडते ते सविस्तर समजून घ्यावे. 40 ते 55 अंशांच्या दरम्यान मायोसिन हे तंतूंतील प्रथिन साकळते. मांस घट्ट होते, पण रसदार राहते. 60 ते 65 अंशांवर कोलॅजेनचा पीळ सुटू लागतो आणि त्याचे धागे मूळ लांबीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत आकसू पाहतात. ते तंतूंभोवती गुंडाळलेले असल्याने ओला कपडा पिळावा तसे मांस पिळले जाते आणि रस बाहेर पडतो. 66 ते 80 अंशांच्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरे प्रथिन साकळते आणि तंतू कोरडे, कडक होतात. या वेळेपर्यंत कोलॅजेन आकसलेले असते, पण विरघळलेले नसते. म्हणजे रश्श्यातील मांस पाऊण तासाच्या सुमारास सर्वांत वाईट अवस्थेत असते: तंतूही कडक आणि कोलॅजेनही कडक. याच क्षणी झाकण काढून तुकडा चाखला जातो, मांसच वाईट निघाले असे ठरते आणि मग आच मोठी केली जाते.

त्यानंतर आणखी तासभर धीर धरल्यास आकसलेले कोलॅजेन पाण्याच्या सान्निध्यात जिलेटिन होऊन विरघळते. तंतू अजूनही कोरडेच असतात, पण त्यांच्या जुड्या सुट्या होतात आणि त्यांच्यामध्ये जिलेटिन व वितळलेली चरबी पसरल्याने जिभेला ते मांस रसदार वाटते. शिजवलेल्या खांद्याचा रसदारपणा हा असा दुसऱ्यांदा आलेला असतो. पाठीच्या मांसात विरघळण्यासारखे कोलॅजेनच नसल्याने ते या वाटेने गेले की परत येत नाही.

खांद्याच्या तुकड्यांसाठी जाड बुडाच्या भांड्यात मसाला परतून, मांस घालून, ते जेमतेम बुडेल इतकेच गरम पाणी घालावे आणि रस्सा हलका बुडबुडत राहील अशा आचेवर, 90 ते 95 अंशांच्या आसपास, झाकण ठेवून पावणेदोन ते अडीच तास शिजवावे. खळखळ उकळवल्याने वेळ फारसा वाचत नाही, तुकडे मात्र फाटतात. सुरी किंवा विणकामाची सुई तुकड्यात घालून पाहावी; ती विनाअडथळा आत जाऊन तशीच बाहेर आली, म्हणजे कोलॅजेन विरघळले आहे.

कुकरमध्ये तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे खांद्याला पुरतात. खुरांना 45 मिनिटे ते एक तास लागतो. कुकरची वाफ हाताने सोडू नये. दाब एकदम उतरला की मांसाच्या आतले पाणी तिथेच उकळून बाहेर पडते आणि मऊ झालेले तुकडे कोरडे होतात. मी घाईत हे एकदा केले आहे आणि पाहुण्यांनी मुकाट्याने रस्साभातच खाल्ला.

पाठीच्या कापांचा हिशोब वेगळा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अखंड कापांसाठी 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती, तर खिम्यासाठी 71 अंश अशी मर्यादा ठरवली. आपल्याकडे सामान्य दुकानातून आणलेल्या मांसासाठी मी कापांनाही 71 अंशच धरतो. थोडा रस जातो, पण आधी मिठाच्या पाण्यात ठेवल्याने तो बऱ्याच अंशी भरून निघतो. तव्यावर दोन्ही बाजू लालसर करून, आच कमी करून, टोकदार तापमापक कापाच्या मध्यात घालून 68 अंशांवर काप उतरवावेत आणि झाकून ठेवावेत. अंगच्या उष्णतेने उरलेले अंश चढतात, आणि ते चढल्याची तापमापकाने खात्री करून मगच वाढावेत.

कातडी

डुकराची कातडी म्हणजे बहुतांशी कोलॅजेनच. नुसती भाजली तर ती काचेसारखी कडक होते आणि दात दुखवते. कुरकुरीत, फुललेली कातडी हवी असेल तर क्रम उलटा करून चालत नाही: आधी ती पाण्यात, बोटाने सहज टोचली जाईल इतकी, तासभर उकडावी, म्हणजे कोलॅजेनचे जिलेटिन होते. मग आतली चरबी खरवडून ती फ्रिजमध्ये उघडी ठेवून रात्रभर सुकवावी. शेवटी 200 अंशांच्या वर तापवल्यावर आत उरलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते, मऊ झालेले जिलेटिन फुगते आणि फुगलेल्या स्थितीतच कडक होते. उकडणे टाळल्यास फुगायला काही सैल झालेलेच नसते, आणि सुकवणे टाळल्यास वाफेने ती लिबलिबीतच राहते.

दुसऱ्या दिवशीचे सोरपोतेल

गोव्यातील आणि वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळचे सोरपोतेल तीन-चार दिवस आधी करून ठेवतात आणि रोज थोडे तापवतात. उकडून बारीक चिरलेले मांस, काळीज आणि कातडी यांचे तुकडे लहान असल्याने व्हिनेगर या वेळी खरोखर मध्यापर्यंत पोहोचते. थंड होताना जिलेटिन घट्ट होऊन मसाला तुकड्यांना धरून राहतो आणि पुन्हा तापवल्यावर तो रस्सा अधिक दाट लागतो. रस्सा शिजल्यावर उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि पुढच्या वेळी लागेल तेवढाच भाग काढून वाफा येईपर्यंत तापवावा.

कोलॅजेन पुरेसे उतरले की नाही, हे सकाळी फ्रिज उघडल्यावर कळते. वरचा चरबीचा थर बाजूला करून खालचा रस्सा चमच्याने हलवावा. तो थरथरत एकत्र हलला, तर खांद्याला वेळ पुरेसा मिळाला आहे. तो पातळच राहिला, तर एकतर मांस मांडीचे होते किंवा पाणी जास्त झाले होते. पुढच्या खेपेस त्याच पातेल्यात एक खूर उभा चिरून घालावा आणि पाणी एक पेला कमी घ्यावे.